हत्तीरोग संपवायला अजून किती फेऱ्या? नवख्यांसाठी मॉडेलिंगची पहिली पायरी

१० फेब्रुवारी जवळ आली की पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम लागते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, अजून किती वर्षं खायच्या ह्या गोळ्या? प्रश्न अगदी रास्त आहे. एक फेरी आधी थांबलो आणि रोग उरला तर काही वर्षांनी परत पहिल्यापासून सुरुवात, आणि उगाच जास्त फेऱ्या केल्या तर आशाताईंचे दिवस, गोळ्या, पैसा आणि सगळ्यात महाग म्हणजे लोकांचा विश्वास, हे सगळं खर्ची पडतं. गणिती मॉडेल लागतं ते ह्याच प्रश्नासाठी. ज्यांना एक्सेल येतं, टक्केवारीची गणितं आठवतात आणि ह्या कामात पडायचंय (पब्लिक हेल्थचे विद्यार्थी, जिल्हा पातळीवरचे डेटावाले, नवीन मेडिकल ऑफिसर) त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः स्टॅटिस्टिक्सकडून इकडे आलो, त्यामुळे कुठे अडखळायला होतं ते चांगलं माहितीये.

आधी ठरवा, संपवायचं म्हणजे काय

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात आणि मग मॉडेल भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं. नारू आठवतोय? पाण्यातून व्हायचा, पायातून दोरीसारखा जंत बाहेर पडायचा, आपल्याकडेही होता. देशातला शेवटचा पेशंट १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तिथे उद्दिष्ट होतं शून्य, समूळ उच्चाटन. हत्तीरोगाचं सध्याचं उद्दिष्ट तसं नाहीये. सरकारी कागदांवर शब्द असतो ‘दुरीकरण’, म्हणजे प्रसार इतका खाली आणायचा की गोळ्या बंद केल्या तरी तो आपोआप विझत जाईल. जगाची मोहीम २००० साली सुरू झाली, भारतात सार्वत्रिक औषधोपचार २००४ पासून, आणि आधीच्या तारखा हुकून हुकून आता देशाचं लक्ष्य २०२७ आहे.

मोजमापाची रेषा अशी, की रात्री घेतलेल्या रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं) सापडणाऱ्यांचं प्रमाण, ज्याला सगळे एमएफ रेट म्हणतात, १ टक्क्याच्या खाली आला पाहिजे, मग ६-७ वर्षांच्या मुलांची अँटिजेन चाचणी (रक्तात जंताचा अंश आहे का ते बघणारी). तुमच्या वहीत पहिल्या पानावर लिहा: ‘किती फेऱ्यांनंतर एमएफ रेट १ टक्क्याखाली जाईल आणि खालीच राहील?’ शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे.

जंताचा संसार कागदावर उतरवा

कॉम्प्युटर बंद. पेन घ्या आणि तीन चौकोन काढा: माणसातला मोठा जंत, माणसाच्या रक्तातली पिल्लं, डासातली अळी. मोठा जंत लसिकावाहिन्यांत (अंगातला लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) राहतो आणि साधारण ४ ते ६ वर्षं पिल्लं सोडत राहतो. पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री १० ते २ च्या सुमारास अंगावरच्या रक्तात येतात, आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. डासात गेलेलं पिल्लू १०-१४ दिवसांत संसर्ग करायच्या अवस्थेला येतं.

इथे दोन गोष्टी मलेरियापेक्षा एकदम वेगळ्या आहेत आणि ह्यांच्यावरच सगळं मॉडेल उभं आहे. एक, डासात हा जंत वाढतो पण त्याची संख्या वाढत नाही, एका पिल्लातून फार तर एकच अळी. दुसरं, माणसातही नर आणि मादी दोन्ही पोचले तरच पुढची पिढी. त्यामुळे हा पसरायला अतिशय मठ्ठ रोग आहे: म्यानमारच्या रंगूनमधल्या अभ्यासातून हेअरस्टन आणि डी मेयॉन ह्या संशोधकांनी १९६८ मध्ये हिशेब मांडला होता की एका माणसाच्या रक्तात पिल्लं दिसायला लागायला सरासरी १५,५०० संसर्गी डासांचे चावे लागतात. पंधरा हजार! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अर्धा तास दुसरं काही सुचलं नाही, कारण ह्याचा अर्थ हा रोग खरंच हरवता येतो.

गोळ्यांचं काय होतं ते पण चौकोनांवर बाण काढून दाखवा. मोहिमेतली डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधं पिल्लं झपाट्याने मारतात, मोठे जंत मात्र सगळे मरत नाहीत, उरलेले परत पिल्लं सोडतात. म्हणून वर्षातून एकदा, किमान पाच वर्षं, म्हणजे मोठ्या जंताचं आयुष्य संपेपर्यंत त्याची पिल्लं डासापर्यंत पोचू द्यायची नाहीत, असा त्यामागचा विचार आहे.

आकडे गोळा करा, आणि त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

लागणारे आकडे थोडेच आहेत. सुरुवातीचा एमएफ रेट, दर फेरीत किती लोकांनी गोळ्या खाल्ल्या, औषध किती गुण देतं, आणि डासांमुळे दरवर्षी किती नवीन भर पडते.

एमएफ रेट कसा येतो ते एकदा तरी डोळ्यांनी बघा. मी भंडाऱ्याकडच्या एका गावात रात्रीच्या पथकाबरोबर गेलो होतो. दहा वाजून गेलेले, अंगणात खाटा, बॅटरीच्या उजेडात टेक्निशियन दादा एकेकाच्या बोटाला टोचून स्लाइडवर रक्ताचा जाड थेंब पसरत होते, २० घनमिलिमीटर, आणि तेवढ्या थेंबावर आपला अख्खा आलेख उभा राहतो. काही घरं उठलीच नाहीत, तरुण मुलं शेतावर जागलीला होती. म्हणजे सँपलमध्ये म्हातारी माणसं आणि बायका जास्त आल्या. हे मला ऑफिसात बसून कुठल्याच फाइलमध्ये दिसलं नसतं.

आणि सँपलचा आकार. ३०० लोक तपासले, ३ पॉझिटिव्ह, झाला १ टक्का, असं लिहून मोकळे होऊ नका. ३०० त ३ म्हणजे खरा दर ०.२ पासून २.९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. अगदी ३०० त शून्य आले तरी खरा दर १ टक्क्यापर्यंत असायला वाव उरतो. म्हणून मॉडेलमध्ये एकच आकडा न घालता खालचा, मधला, वरचा असे तीन घाला आणि तीनही चालवून बघा.

कव्हरेजचा, म्हणजे किती टक्के लोकांपर्यंत गोळ्या पोचल्या त्याचा, आकडा तर सगळ्यात फसवा. हिशेब करून दाखवतो. गावात १००० माणसं. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, गंभीर आजारी सोडून पात्र ९००. रजिस्टरप्रमाणे ८१० जणांना गोळ्या दिल्या, म्हणजे पात्र लोकांच्या ९० टक्के, मिटिंगमध्ये टाळ्या. पण त्यातल्या समजा ८० टक्क्यांनीच खाल्ल्या, तर ६४८. एकूण लोकसंख्येच्या भाषेत जेमतेम ६५ टक्के. डासाला पात्र-अपात्र कळत नाही, तो १००० जणांना चावतो, त्यामुळे मॉडेलमध्ये जाणार ६५, ९० नाही. जागतिक आरोग्य संघटनाही किमान ६५ टक्के सांगते ते एकूण लोकसंख्येचंच.

एक्सेलमधलं पहिलं मॉडेल

आता उघडा शीट. तीन कॉलम: फेरी नंबर, आधीचा एमएफ रेट, नंतरचा एमएफ रेट. सुरुवात ६ टक्के धरू. कव्हरेज ०.६५. औषधाचा गुण समजा ०.५, म्हणजे गोळी खाल्लेल्या पॉझिटिव्हपैकी निम्मे पुढच्या फेरीपर्यंत निगेटिव्ह राहतात (हा आकडा शिकण्यापुरता घेतलाय, खऱ्या कामात अभ्यासांतून घ्यायचा). दर फेरीत उरतात:

१ – (०.६५ × ०.५) = ०.६७५

आता ६ ला ०.६७५ ने गुणत जा. चौथ्या फेरीनंतर १.२५, पाचव्या फेरीनंतर ०.८४. झालं, पाच फेऱ्यांत रेषेखाली. हे तुमचं पहिलं मॉडेल, आणि ते चुकीचं आहे, पण कुठे चुकीचं आहे ते शोधत जाणं हेच ह्या कामातलं शिक्षण.

पहिली चूक, आपण धरलं की मधल्या वर्षात नवीन संसर्ग झालाच नाही. ते सुधारायला दर फेरीनंतर १.१ ने गुणा, म्हणजे वर्षाला १० टक्के भर. आता सहाव्या फेरीनंतर १.००५ येतो, रेषेच्या केसभर वर, म्हणून सातवी फेरी लागते. एवढ्याशा भरीने दोन वर्षं वाढली बघा.

कधीच न खाणारे

दुसरी चूक जास्त मोठी आहे आणि ह्या लेखात तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. वरच्या गणितात आपण धरलं की दर वर्षी गोळी चुकवणारे ३५ टक्के लोक वेगवेगळे असतात, ह्या वर्षी शांताबाई, पुढच्या वर्षी गणपतराव. प्रत्यक्षात असं नसतं, काही घरांत दरवर्षी तेच लोक खात नाहीत.

समजा गावातले १५ टक्के लोक कधीच खात नाहीत आणि एकूण कव्हरेज तरीही ६५ च आहे. मग उरलेल्या ८५ टक्क्यांमध्ये कव्हरेज झालं ०.६५ भागिले ०.८५, म्हणजे साधारण ७६.५ टक्के, त्यांच्यात दर फेरीला उरतात ०.६१८. आता दोन गटांचे दोन कॉलम करा आणि बेरीज घ्या, नवीन संसर्ग सध्या बाजूला ठेवा. खाणाऱ्यांचा आकडा छान खाली येतो पण न खाणाऱ्यांचे ०.९ टक्के (६ चे १५ टक्के) जागचे हलत नाहीत. पाच फेऱ्यांनंतर एकूण १.३६. सात फेऱ्यांनंतर १.०७. एकच्या खाली जायला नववी फेरी लागते. रजिस्टरवर दोन्ही गावं ६५ टक्के, एक पाच वर्षांत सुटतं, दुसरं नऊ वर्षं अडकतं.

मग जास्त दमदार औषध द्या ना, असं कुणी म्हणेल. ते आलंच आहे. आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधांचा डोस, आपल्याकडे ज्याला आयडीए म्हणतात, तो जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये शिफारस केला, भारतात २०१८ च्या शेवटी बिहारमधल्या अरवलपासून सुरू झाला आणि २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत एका डोसनंतर वर्षभराने तीन औषधांच्या गटात ९६ टक्के लोकांच्या रक्तात पिल्लं नव्हती, दोन औषधांच्या गटात ३२ टक्के. केवढा फरक आहे! पण शीटमध्ये घालून बघा: गुण जरा हात राखून ०.८ धरला तर सगळे आलटून पालटून खाणाऱ्या गावात तीन फेऱ्या पुरतात, आणि १५ टक्के कधीच न खाणाऱ्या गावात पाच. न हलणारे ०.९ टक्के तिथेही तसेच बसलेले. त्यांचं १५ चं २० झालं तर ६ चे २० टक्के म्हणजे १.२, मग कुठलंही औषध आणा, कितीही फेऱ्या करा, ह्या साध्या मॉडेलमध्ये रेषा ओलांडताच येत नाही.

हे न खाणारे कोण असतात? एका घरी आशाताईंबरोबर गेलो तर मागच्या वर्षीच्या गोळ्या खिडकीतल्या डब्यात, कंगव्याशेजारी तशाच. काका शांतपणे म्हणाले, “मले काहीच झालं नाही जी, मंग गोळ्या कायले खाऊ?” त्यांचं काही चुकत नव्हतं, कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की पाय सुजायच्या कितीतरी वर्षं आधीपासून पिल्लं रक्तात असू शकतात आणि तोवर काहीही वाटत नाही. कुणाला गेल्या वेळी गोळी खाल्ल्यावर ताप-मळमळ झालेली असते (पिल्लं मरताना होतं असं, बहुतेकदा तेच लक्षण असतं की ती अंगात होती). आणि एक मोठा गट म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले मजूर. मोहीम फेब्रुवारीत, तोडणीही त्याच हंगामात. ते नकार देत नाहीयेत, ते घरीच नाहीयेत, पण मॉडेलच्या दृष्टीने परिणाम तोच. ह्यांना दुसऱ्या महिन्यात गाठलं तर काय होईल हे शीटमध्ये एक आकडा बदलून पाच मिनिटांत बघता येतं आणि माझ्या मते असा एक रन दहा सुंदर ग्राफपेक्षा उपयोगाचा आहे.

डासांचा हिशेब

१० टक्के भर आपण ठोकून दिली होती. खरं तर ही भर डासांची संख्या आणि गावात उरलेली पिल्लं ह्या दोन्हींवर ठरते, त्यामुळे रोग कमी झाला की भरही कमी व्हायला हवी. एका मर्यादेखाली गेलं की नर-मादी एकाच माणसात जमणंच दुर्मिळ होतं आणि प्रसार आपसूक कोसळतो, ह्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉसने मलेरियाबद्दल हेच दाखवलं होतं की शेवटचा डास मारायची गरज नसते, संख्या एका पातळीखाली आणली की पुरे.

फक्त एक अडचण. क्युलेक्स डास कमी पिल्लांतही काम भागवतो: रक्तात पिल्लं खूप असतील तर त्यातली थोडीच डासात मोठी होतात, आणि कमी असतील तर त्यातली मोठी होण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात प्रसार आपल्याला वाटतो तेवढ्या वेगाने पडत नाही. म्हणून १ टक्का ही कामापुरती आखलेली रेषा समजा, खरा ब्रेकपॉइंट गावागणिक वेगळा असतो आणि जिथे डास जास्त तिथे तो आणखी खाली. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी, गटार वाहतं ठेवणं, शोषखड्डे ही कामं मॉडेलमध्ये ‘भर’ ह्या आकड्यात येतात. १.१ चं १.०३ करून बघा: सातऐवजी पाचच फेऱ्या.

नशिबाचा भाग

२००० वस्तीच्या गावात अर्धा टक्का म्हणजे १० माणसं. त्यातली दोन गाव सोडून गेली, एक नवीन सून पॉझिटिव्ह आली, की सगळं चित्र बदलतं. शीट मात्र दर वेळी तेच गुळगुळीत उत्तर देते. म्हणून पुढची पायरी पायथन किंवा आर ह्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये: प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकाला जंतांचा वेगळा भार (बहुतेकांना शून्य, मोजक्यांना भरपूर, ह्यासाठी निगेटिव्ह बायनोमियल नावाचं संख्याशास्त्रीय वितरण वापरतात), गोळी खाल्ली का हे नाणं उडवून ठरवायचं, पण नाणं प्रत्येकाचं वेगळं आणि आयुष्यभर तेच. असं १००० वेळा चालवा आणि उत्तर असं लिहा: १००० पैकी इतक्या वेळा पाच फेऱ्यांनंतर रोग परत आला नाही.

हे सगळं स्वतः शून्यापासून लिहायलाच हवं असं नाही. ह्या क्षेत्रात तीन मॉडेलं जास्त चालतात. एपिफिल सरासरीवर चालतं, वेगवान आहे. लिम्फासिम रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठातलं, एकेक माणूस धरून चालणारं, आणि त्यात आपल्या पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने वर्षानुवर्षं गोळा केलेला डेटा आहे, हे मला कायम अभिमानाने सांगावंसं वाटतं. तिसरं ट्रान्सफिल, तेही माणसागणिक. पण आधी आपली शीट बनवा, नाहीतर तयार मॉडेलमधलं कुठलं बटण काय करतं ते कधीच कळणार नाही.

जुन्या वर्षांवर परीक्षा घ्या

भविष्य सांगायच्या आधी भूतकाळ जुळवा. दहा वर्षांचा डेटा असेल तर पहिली सहा वर्षं मॉडेलला द्या, शेवटची चार लपवून ठेवा, मग अंदाज आणि खरं शेजारी ठेवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मॉडेल म्हणत होतं ०.७ आणि गावात निघाले २ च्या वर, मी आठवडाभर कोडमधली चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच, दोन वर्षं ‘वाटल्या’ हा आकडा ‘खाल्ल्या’ म्हणून भरलेला होता. तेव्हापासून मॉडेल जुळलं नाही की मी आधी रजिस्टर उघडतो.

अख्ख्या जिल्ह्याची सरासरीही काढू नका. चार तालुके स्वच्छ आणि एक धगधगता असेल तर सरासरी सगळं झाकते.

मिटिंगमध्ये काय न्यायचं

टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) साहेबांना समीकरण दाखवू नका. एका पानावर तीन रेषा पुरतात: आहे तसं चाललं तर, समक्ष गोळ्या खाऊ घातल्या तर, समक्ष खाऊ घालून वर स्थलांतरितांना दुसऱ्यांदा गाठलं तर. प्रत्येक रेषेला वर-खाली सावली, म्हणजे खात्री किती आहे ते दिसेल. आणि मॉडेलला कोणता आकडा सगळ्यात जास्त हलवतो ते स्पष्ट सांगा, तोच गोळा करायला माणसं मागा.

माझ्या अनुभवात तो आकडा जवळजवळ दर वेळी कधीच न खाणाऱ्यांचा निघतो, आणि तो बहुतेक रजिस्टरांत नसतोच, कारण रजिस्टर ह्या वर्षीचं असतं. म्हणून पुढच्या मोहिमेआधी फॉर्ममध्ये एक कॉलम वाढवून घ्या, ‘आजवर एकदा तरी ही गोळी खाल्ली का?’ उत्तर हो किंवा नाही. घरामागे पंधरा सेकंद लागतात. ज्यांच्यापुढे ‘नाही’ येईल त्यांची वेगळी यादी काढा, आणि मोहिमेच्या पहिल्या दिवशी आशाताईंबरोबर आधी त्याच घरांना जा.